घरच्या छोट्या लेथ-राउटरच्या मोटरला कोणता कनेक्टर आणि कोणती केबल लावावी?

तुमचा प्रश्न असा: ठाण्यात घरीच अर्ध्या एचपीचा छोटा लेथ आहे, शेजारी लाकूडकामासाठी सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाने चालणारं कोरीवकामाचं मशीन, उभा करताय. मोटरी काढता-घालता याव्यात म्हणून ऑडिओवाले एक्सएलआर किंवा ते गोल ‘एव्हिएशन’ कनेक्टर चालतील का, आणि केबल कोणती घ्यावी?

एक्सएलआर नको. मी स्वतः तेच लावले होते, म्हणून सांगतोय.

कोपरीत तळमजल्यावर माझी एक खोली आहे, लेथ तिथेच. त्याच्या कंट्रोल बॉक्सवर मी मोठ्या हौसेने तीन पिनांचा एक्सएलआर बसवला होता. धातूची खोळ, ‘खट्’ करून बसणारा खटका, एकदम भारी दिसायचा. गणपतीत मंडळाचा एक पोरगा आला, "काका, माइकची केबल गेलीय, जरा डाग देऊन द्या ना." मी सोल्डरिंग आयर्न तापायला लावून मागे वळलो, तर पठ्ठ्याने केबलचं टोक माझ्या बॉक्समध्ये खोचलेलं. "बसतंय की काका!" दुसऱ्या टोकाला माइक, आणि माइक त्याच्या हातात. बॉक्सचा मेन बंद होता एवढंच नशीब. त्याची केबल नीट करून दिली आणि त्याच रात्री बॉक्सवरचा एक्सएलआर उखडून काढला.

तेव्हापासून कुठलाही कनेक्टर हातात घेतला की अँपिअर नंतर, आधी दोन गोष्टी बघतो. हा अर्धवट निघाला तर काय होईल? आणि ह्याच्यात दुसरं काय बसेल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या भिंतीतच आहे. आपल्या साध्या थ्री-पिन प्लगची वरची पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. लांब अशासाठी की प्लग घालताना अर्थ आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. जाड अशासाठी की ती फेजच्या भोकात शिरूच नये. शिवाय करंट असलेली बाजू नेहमी भोकांची, पिना कायम पलीकडच्या. आता बाजारातला स्वस्त एव्हिएशन प्लग बघा. बहुतेकांच्या सगळ्या पिना सारख्याच लांबीच्या. त्यात हौशी माणूस बॉक्सवर बसवताना पिनांची बाजू बॉक्सवर लावतो, कारण ती तशी बरी दिसते. मग मोटरचा प्लग काढला आणि मेन चालू राहिला, की बॉक्सवर 230 व्होल्टच्या उघड्या पिना तुमच्या बोटांची वाट बघत बसतात.

लेथला माझ्या मते कनेक्टरच नको. मोटर वर्षातून एकदा निघते. केबल ग्लँडमधून, म्हणजे केबल घट्ट धरणाऱ्या बुचातून, थेट मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये न्या आणि मशीन बंद करायचं ते भिंतीवरच्या प्लगला. कनेक्टर हवाच असेल तर कारखान्यात असतो तो निळा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट घ्या, 16 अँपिअर, तीन पिनांचा. हे आयईसी 60309 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बनतात. निळा 230 व्होल्टसाठी, पिवळा 110साठी, लाल 415साठी, आणि व्होल्टेजप्रमाणे अर्थच्या पिनेची जागा बदलते, त्यामुळे एकाचा प्लग दुसऱ्यात जातच नाही. वर झाकणही असतं. छोट्या लेथवर तो बैलाला झूल घातल्यासारखा दिसतो, हे कबूल. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या लोहार चाळीत सहज मिळतो. एक लक्षात ठेवा, भिंतीवर किंवा बॉक्सवर सॉकेट, मशीनच्या केबलला प्लग.

अँपिअरचं गणित साधं आहे. अर्धा एचपी म्हणजे 373 वॉट, पण तो शाफ्टवर मिळणारा. आत त्याहून बरंच जास्त जातं, म्हणून सिंगल फेजची अशी मोटर साधारण 4 अँपिअर घेते, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. नेमप्लेटवरचा आकडा हाच खरा धरा. मोटरसाठी एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, ‘सी’ कर्व्हचा घ्या, तो सुरुवातीचा झटका सोसतो. ‘बी’ घेतलात तर स्टार्ट करताना तो विनाकारण पडेल आणि तुम्ही वैतागून मोठा बसवाल, म्हणजे केबलचं संरक्षण गेलं.

केबल 1.5 चौरस मिमीची, तीन कोअरची, मल्टिस्ट्रँड, वर पीव्हीसीचं गोल आवरण असलेली. तिच्यावर आयएस 694 आणि आयएसआयचा शिक्का बघून घ्या. करंटच्या मानाने 1 चौरस मिमीही पुरते, पण मशीनजवळची केबल पायाखाली येते, चिपांवर घासते. घराच्या वायरिंगच्या सुट्या तारा चिकटपट्टीने बांधून कधीच नाही.

आता जिथे सगळे चुकतात ती जागा: तारेचं टोक. केबल सोलायची, तारा पिळायच्या, वर डाग द्यायचा आणि स्क्रूखाली आवळायच्या, असं मीही वर्षानुवर्षं केलं. कथील मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू सरकतं आणि स्क्रू ढिला पडतो. माझा एक जुना प्लग उघडला तेव्हा फेजच्या तारेचं लाल आवरण स्क्रूजवळ अर्धा इंच तपकिरी होऊन कडक झालं होतं, नखाने टिचकी मारली तर तुकडा पडला. स्क्रू अर्धा फेरा फिरला. टोकावर फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, चेपा, डाग नको. शिवाय खाडीच्या हवेने पितळेवर हिरवं चढतं. पावसाळा संपला की एकदा सगळे प्लग उघडून बघा.

राउटरचं प्रकरण वेगळं. स्पिंडलला, म्हणजे कापणारं हत्यार फिरवणाऱ्या मोटरला, बहुधा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा डबा) असेल, आणि स्पिंडलवर चार पिनांचा एव्हिएशन प्लग आधीच बसवलेला. त्यातली चौथी पिन अर्थची असायला हवी, पण अनेक स्वस्त स्पिंडलमध्ये ती आत कशालाच जोडलेली नसते. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर लावून चौथी पिन आणि स्पिंडलची बॉडी तपासा. बीप आला नाही तर अर्थ आधी जोडा, बाकी नंतर. केबल चार कोअरची आणि जाळी असलेली घ्या, जाळी व्हीएफडीच्या अर्थला जोडा. ड्रॅग चेनमधून, म्हणजे मशीनबरोबर हलणाऱ्या केबलच्या साखळीतून, जाणार असेल तर सतत वाकण्यासाठी बनवलेलीच हवी. साधी केबल आतून तुटते आणि बाहेरून ठणठणीत दिसते. स्पिंडल चालू असताना तो प्लग ओढायचा नाही, व्हीएफडी जाऊ शकतो. मेन बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट बसलेले असतात, तेव्हा लेबलवर लिहिलीय तेवढी मिनिटं थांबा.

आणि इथेच दुसरा प्रश्न परत येतो: ह्याच्यात दुसरं काय बसेल? राउटरचे अक्ष टप्प्याटप्प्याने सरकवणाऱ्या स्टेपर मोटरलाही चार तारा असतात, म्हणून लोक तिथेही तोच चार पिनांचा प्लग लावतात. एका रात्री स्पिंडलचा प्लग स्टेपरच्या जागी जाईल की नाही? स्टेपरना वेगळ्या मापाचे, लॉकवाले कनेक्टर द्या, आणि तेही चालू असताना काढू नका, ड्रायव्हर उडतो.

तुमच्या इमारतीचं अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या. आपल्याकडच्या जुन्या सोसायट्यांत तिसऱ्या भोकामागे कधीकधी तारच नसते, मग वरची सगळी कसरत फुकट. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबीही, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, लावा. व्हीएफडीने तो पडायला लागला तर काढून टाकू नका, व्हीएफडीला चालणारा प्रकार विचारून घ्या.

मोटर भंगारातून किंवा बाहेरदेशातून आलेली असेल तर रंगांवर विश्वास नको. आपल्या जुन्या पद्धतीत लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवी अर्थ. युरोपात तपकिरी फेज, निळा न्यूट्रल. आणि अमेरिकन मशीनमध्ये काळी तार म्हणजे फेज. नेमप्लेटचा स्पष्ट फोटो टाका, मोटर कुठली आणि काय मागते ते बघून पुढचं सांगतो.