आईचं वय ५८, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या. नागिणीची लस द्यावी का?

द्याच. कांजिण्यांचाच विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की नागीण होऊन बाहेर पडतो. फोड दोन-चार आठवड्यांत सुकतात, पण काहींची आग महिनोन्‌महिने जात नाही. पदर नुसता लागला तरी कळ येते. माझा आग्रह त्या दुखण्यापायी आहे.

शिंग्रिक्स ही लस भारतात २०२३पासून मिळते. दंडात दोन डोस, मध्ये २ ते ६ महिने. चाचण्यांत पन्नाशीपुढच्यांना ९० टक्क्यांहून जास्त संरक्षण मिळालं. महाग आहे, दंड दोन-तीन दिवस ठणकतो, कणकणही येते.

आणि विळखा पूर्ण झाला की माणूस जातो, हे साफ खोटं. पुरळ दिसताच मांत्रिकाकडे नव्हे, तीन दिवसांच्या आत डॉक्टरकडे न्या; गोळ्या तेव्हाच नीट लागू पडतात.