एन्काउंटर करणाऱ्या पोलिसांची चौकशी कशासाठी?

तुमचा प्रश्न असा आहे: "बलात्कारी किंवा गुंडाला पोलिसांनी गोळी घातली तर त्यांचा सत्कार करायचा सोडून त्यांच्यामागेच चौकशी का लावतात? यानं पोलिसांचं खच्चीकरण होत नाही का?"

मी पोलिसाची मुलगी आहे. सोलापुरात पोलीस लाइनीतल्या दोन खोल्यांत वाढले. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, हवालदार म्हणून निवृत्त झाले. तुमच्या प्रश्नातला राग मला परका नाही. बंदोबस्ताहून सुजलेल्या पायांनी परत येणारा माणूस मी रोज पाहिलाय आणि त्याला चारचौघांत शिव्या घालणारेही पाहिलेत. तरी माझं उत्तर आहे की चौकशी झालीच पाहिजे, दरवेळी झाली पाहिजे, आणि ती खऱ्या पोलिसाच्या भल्याची आहे.

मी सहावीत असेन. अण्णांचा त्या दिवशी गोळीबाराचा सराव होता. दुपारी घरी येणारा माणूस दिवेलागणीला आला. पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटलेली, नखांत माती. आईनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं ठेवली तरी हात धुवायला उठेनात. म्हणाले, "एक पुंगळी कमी पडली." सरावासाठी शस्त्रागारातून राउंड मोजून मिळतात, वहीत सही होते. सराव संपला की उडवलेल्या राउंडची रिकामी पुंगळी मोजून परत करायची. त्या दिवशी एक कमी आली, आणि सगळी माणसं उन्हात उकिडवी बसून हातानं गवत चाचपत होती. शेवटी एका शिपायाच्या बुटात सापडली. मी विचारलं, नसती सापडली तर? "खुलासा लिहून द्यावा लागला असता, बाळ. सरकारी काडतूस आहे ते."

पुठ्ठ्याच्या पुतळ्यावर झाडलेल्या गोळीचा एवढा हिशोब. मग माणसाच्या छातीत गेलेल्या गोळीचा हिशोब मागितला तर त्यात पोलिसाचा अपमान कसा, हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

आता कायद्याचं. तो फारसा अवघड नाही. जिवावर बेतलं तर गोळी झाडायचा हक्क पोलिसाला आहेच. स्वसंरक्षणाचा हा हक्क तुम्हालाही आहे, मलाही आहे. अटक करताना आरोपीनं विरोध केला तर बळ वापरायची मुभाही आहे. पण फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्या माणसाचा अटक करताना जीव घेता येत नाही, असं अटकेच्या कलमातच लिहिलंय. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. आणि आरोप गंभीर असला तरी पकडलेल्या, निःशस्त्र माणसाला मारायची परवानगी कुठल्याच पानावर नाही. थोडक्यात, गोळी झाडली हा गुन्हाच, असं कायदा म्हणत नाही. गोळी झाडायची वेळ खरंच आली होती का, एवढंच विचारतो. आणि ते ठरवणारा माणूस गोळी झाडणाऱ्याच्या शेजारच्या टेबलावर बसलेला नको.

हे सर्वोच्च न्यायालयानं सविस्तर लिहून ठेवलंय, आणि तेही आपल्या महाराष्ट्राच्याच प्रकरणात. मुंबईतल्या चकमकींवरून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेनं दाद मागितली होती. २३ सप्टेंबर २०१४ ला निकाल आला, त्यात १६ सूचना आहेत. चकमकीत माणूस मेला की गुन्हा नोंदवायचा. तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकानं करायचा, आणि त्यावर देखरेख ठेवणारा अधिकारी चकमकीतल्या पथकप्रमुखापेक्षा किमान एक हुद्दा वरचा हवा. दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी व्हायला हवी. वापरलेली शस्त्रं तपासणीसाठी जमा करायची. जखमीला आधी दवाखान्यात न्यायचं, जबाब घ्यायचा. आणि चकमकीपाठोपाठ लगेच शौर्यपदक किंवा आऊट ऑफ टर्न बढती द्यायची नाही. शौर्य निर्विवाद सिद्ध झाल्यावरच द्यायची.

ही शेवटची सूचना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बक्षीस कशाला मिळतं, त्यावर खात्यातल्या पोरांची नजर असते. चिकाटीनं पुरावे गोळा करून आरोपपत्र दाखल करणाऱ्या तपासी अंमलदाराचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर लागलेला मी तरी कधी पाहिला नाही. अण्णांच्या ओळखीतले एक फौजदार होते. पंचनामा लिहिताना घरातल्या वस्तूंची जागा पावलांनी मोजायचे, साक्षीदाराला तारखेआधी आठवणीनं निरोप पाठवायचे. त्यांच्या केसेस कोर्टात टिकायच्या. निवृत्तीच्या दिवशी त्यांना नारळ आणि शाल मिळाली, बस्स.

"पण एन्काउंटर खोटं असतं कशावरून?" हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. सगळी खोटी नसतात. गडचिरोलीच्या जंगलात समोरून गोळ्या येतात आणि आपले जवान जीव गमावतात, ते कुणी नाकारत नाही. पण खोटी असतात, हेही न्यायालयात सिद्ध झालंय. ११ नोव्हेंबर २००६ ला लखनभैया नावाच्या माणसाला वर्सोव्यात चकमकीत मारल्याचं मुंबई पोलिसांनी सांगितलं. त्याला दुपारीच वाशीतून उचलल्याचं कळताच त्याच्या वकील भावानं वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स केले होते, चकमकीची बातमी येण्याआधी! त्या कागदांवरच्या वेळा पोलिसांच्या गोष्टीत बसेनात. महत्त्वाच्या साक्षीदाराचा साक्ष द्यायच्या आधीच खून झाला. तरी भाऊ हटला नाही. २०१३ मध्ये सत्र न्यायालयानं १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवलं. त्यात सुटलेल्या एका बड्या 'एन्काउंटर स्पेशालिस्ट' अधिकाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयानं १९ मार्च २०२४ ला जन्मठेप सुनावली, ते प्रकरण पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलं. मेलेल्याचा भाऊ वकील नसता, बिडी वळणारा किंवा यंत्रमागावरचा कामगार असता, तर तार कुणी केली असती? या एका प्रश्नावर मी रात्रभर जागू शकते.

आणि बलात्काराच्या आरोपींबद्दल. बाई म्हणून हे लिहिणं सोपं नाही, पण लिहिते. ६ डिसेंबर २०१९ ला हैदराबादजवळ एका डॉक्टर मुलीवरच्या बलात्कार आणि खुनाचे चार आरोपी पहाटे पोलिसांनी मारले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आमच्या घरी टीव्ही चालू होता, लाइनीतल्या बायका पेढे घेऊन आल्या. मलाही क्षणभर बरंच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू? अण्णांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. एवढंच म्हणाले, "तपासाला नेलेला आरोपी पोलिसाच्या ताब्यात असतो. पोलिसाचं पिस्तूल हिसकावलं म्हणतात. हिसकावलं कसं?" पुढं सर्वोच्च न्यायालयानं आयोग नेमला, अध्यक्ष आपल्या विदर्भातले निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर. अहवाल २०२२ मध्ये लोकांसमोर आला. पोलिसांची हकीकत विश्वासार्ह नाही, आरोपींना मारण्याच्या उद्देशानंच गोळ्या झाडल्या, असा निष्कर्ष होता. दहा पोलिसांवर खटला चालवावा अशी शिफारस होती. चौघांतले तिघे अल्पवयीन होते, असंही त्यात आहे. हे खटल्यात पहिल्याच आठवड्यात समोर आलं असतं. खटला झालाच नाही.

बदलापूरचं तर ताजं आहे. शाळेतल्या लहान मुलींवर अत्याचाराचा आरोप असलेला माणूस २३ सप्टेंबर २०२४ ला पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. वर सांगितलेल्या २०१४ च्या निकालाला त्या दिवशी बरोबर दहा वर्षं झाली होती. त्यानं सहायक निरीक्षकाचं पिस्तूल हिसकावलं, असं पोलिसांचं म्हणणं. दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात पाच पोलिसांवर ठपका आला. पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे नव्हते हे त्यात नोंदवलंय. उच्च न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये विशेष पथकाकडून तपासाचा आदेश दिला. पण मला त्या दोन मुलींच्या आईबापांचं सांगायचंय. वेळेत कळवलं नाही म्हणून शाळेच्या विश्वस्तांवरही गुन्हा होता. कुणाला केव्हा कळलं, कोण गप्प बसलं, हे कोर्टात उलटतपासणीत बाहेर यायला हवं होतं. मुख्य आरोपीवरचा खटला त्याच्या मरणाबरोबर संपला. त्या मुली मोठ्या होतील तेव्हा त्यांच्या हातात निकालपत्र नसेल. "आमच्याशी जे झालं ते खरं होतं" असं न्यायालयानं लिहून दिलेलं कागदाचं पान, ते त्यांचं होतं, ते गेलं.

न्याय लवकर मिळत नाही, हे खरंच आहे आणि त्याचा राग रास्तच आहे. पण कोपर्डीच्या प्रकरणात जुलै २०१६ चा गुन्हा आणि नोव्हेंबर २०१७ ला नगरच्या न्यायालयाची शिक्षा, असं आपल्याकडेच झालंय. लोकांनी रेटा लावला तर खालचं कोर्ट चालतं. तो रेटा न्यायालयं, सरकारी वकील, प्रयोगशाळा यांच्यामागं लावायचा.

आता सोलापूरचं एक सांगते, कारण माझं मत खरं तिथं बनलं. आमच्या शहरात सेटलमेंट नावाचा भाग आहे. इंग्रजांनी १८७१ पासूनच्या कायद्यांनी काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं आणि तारेच्या कुंपणात ठेवलं, त्यातली एक वसाहत इथली. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती विमुक्त झाल्या. कुंपण गेलं, ठाण्यातली सवय राहिली. माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण पारधी होती. शहरात घरफोडी झाली की तिच्या थोरल्या भावाला उचलायचे, तो दोषी आहे का याचा विचारही न करता. एकदा त्याला नेलं आणि तीन दिवस पत्ता नाही. ती शाळेत येऊन माझ्याशी काही बोलली नाही, नुसतं डब्याचं झाकण उघड-बंद करत बसली. मी घरी सांगितलं. अण्णा त्या ठाण्यात नव्हते, तरी साध्या कपड्यांत गेले आणि ठाणे अंमलदाराला विचारलं, "स्टेशन डायरीत नोंद कुठाय?" नोंद नव्हती. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं उभं करायचं असतं, ते केलंच नव्हतं. संध्याकाळी पोरगा घरी आला, तळपाय काळेनिळे. पंधरा दिवसांनी खरे चोर मुद्देमालासह दुसऱ्याच जिल्ह्यात सापडले. त्या ठाण्यातले लोक वर्षभर अण्णांशी बोलले नाहीत.

तो पोरगा जिवंत होता म्हणून चूक दुरुस्त झाली. त्या तीन दिवसांत "पळून जाताना" गोळी लागली असती तर आम्ही सगळ्यांनी पेपरात वाचून मान डोलावली असती. सराईत होता, असंच छापून आलं असतं. दर १२ जानेवारीला आम्ही सोलापूरकर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या स्वातंत्र्यलढ्यातल्या हुतात्म्यांच्या चार पुतळ्यांना हार घालतो. १९३१ साली येरवड्यात त्यांना फाशी झाली ती दोन पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली. पोलिसांच्या कागदात ते चौघे खुनीच होते.

खच्चीकरणाचं विचारलंत. ज्यानं खरंच जीव वाचवायला गोळी झाडली, त्याला दुसऱ्या पथकाचा तपास आणि प्रयोगशाळेचा अहवाल आयुष्यभर पुरतो; उद्या कुणी बोट दाखवलं तर कागद पुढं करता येतो. भीती वाटायला हवी ती वरून तोंडी हुकूम देणाऱ्याला. लखनभैया प्रकरणात तुरुंगात गेलेल्यांत साधे शिपाई होते. "साहेबांनी सांगितलं" हे त्यांना वाचवू शकलं नाही. अण्णा भाकरी मोडत म्हणायचे, "तोंडी हुकमावर सही कुणाची असते? माझीच."

तुमच्या भागात असं काही घडलं तर जातपात, गुन्हा बाजूला ठेवून एवढं विचारा: गुन्हा नोंदवला का, तपास कुठल्या ठाण्याकडं दिला, पिस्तूल जमा केलं का. हे पाळलं नाही असं घरच्यांना वाटलं तर त्यांना सत्र न्यायाधीशांकडं तक्रार करता येते, तेही त्या २०१४ च्या निकालातच आहे. वकील लावायची ऐपत नसेल तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथं फुकट वकील मिळतो.

मैत्रिणीचा तो भाऊ आता रिक्षा चालवतो. त्याचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय, पहाटे पार्क मैदानावर पळतो. मागच्या महिन्यात पेढे घेऊन नव्हे, फॉर्म घेऊन अण्णांकडं आला होता. फॉर्म भरून झाल्यावर त्यानं विचारलं, "आजोबा, भरती झालो की बंदूक कधी हातात देतात?" अण्णांनी चष्मा काढला, त्याला खाली बसवलं आणि हरवलेल्या पुंगळीची गोष्ट सांगायला सुरुवात केली.