मार्चअखेर पँगाँगच्या गोठलेल्या तलावावर चालणं सुरक्षित आहे का? मला चांगलं पोहता येतं.

नाही. पण तुमच्या प्रश्नातलं ते दुसरं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसले. ते माझ्या दादाचं वाक्य आहे.

आम्ही ठाण्याचे, नौपाड्यातले. दादा महापालिकेच्या तरणतलावातच लहानाचा मोठा झाला म्हटलं तरी चालेल. दोन वर्षांपूर्वी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तो, वहिनी, भाचा आणि मी लडाखला गेलो. चांग ला खिंड ओलांडून दुपारी पँगाँगला पोचलो. १३४ किलोमीटर लांबीचा तलाव, नजर जाईल तिथवर पांढरा, आणि ऊन मात्र चटका देणारं. ड्रायव्हर लेहचा. गाडीतून उतरतानाच तो म्हणाला, "साब, किनारेपेही रहना." दादाने त्याला मोबाइलवर फोटो दाखवला. २०२३ च्या फेब्रुवारीत याच तलावावर २१ किलोमीटरची अर्ध-मॅरेथॉन झाली होती, त्याचा. एवढी माणसं धावली, मग मी चाललो तर काय होतंय?

तीसेक पावलं गेला असेल. तिथे डोंगरातून येणारा एक ओढा तलावाला मिळतो आणि बर्फ पांढरा नाही, राखाडी दिसत होता. कडकड वगैरे काही नाही. दादा उभाच्या उभा छातीपर्यंत आत गेला.

मला वाटलं ओरडेल. ओरडला नाही. तोंड उघडं, श्वास नुसता आत ओढला जातोय, बाहेर पडतच नाही. बर्फाच्या कडेवर हात टाकायचा, कड तुटायची, पुन्हा हात टाकायचा. वहिनी धावली, तिला मी मागे खेचलं. त्यावरून ती आजही माझ्यावर चिडलेली आहे, आणि मी तेव्हा बरोबर होते. ड्रायव्हरने गाडीतला दोर आणला, बर्फावर पालथा पडून फेकला. दोर दादाच्या हातावर पडला, पण बोटं मिटेनात! तरणतलावात तासन्‌तास पोहणारा माणूस, त्याला दोर धरता येईना. "हाथ पे लपेटो," ड्रायव्हर ओरडला. कसाबसा मनगटाला वेढा बसला आणि आम्ही ओढलं. सगळं मिळून चार-पाच मिनिटं.

आता ऐरोलीला गणपतीत हा किस्सा दरवर्षी रंगतो. "पाणी छातीइतकंच होतं, माझा मीच निघालो असतो." भाचा डोळे मोठे करून ऐकतो. पुढच्या मार्चला त्याला मित्रांबरोबर तिथेच जायचंय.

नसता निघाला दादा. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिझब्रेक्ट आयुष्यभर हाच अभ्यास करत आले आहेत. त्यांचा हिशेब एक-दहा-एक असा आहे. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायचं, पुढची फार तर दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि साधारण एक तासाने गारठ्याने शुद्ध जाते. म्हणजे माणूस गारठून मरण्याच्या खूप आधी त्याचे हात जातात. पोहणं तिथे काय करणार? आमच्या येऊरच्या ओढ्यात आणि खदानींत पावसाळ्यात बुडणाऱ्यांतही पोहता येणारी पोरं असतात. ते तर गार पाणीही नव्हे.

मॅरेथॉनचं म्हणाल तर ती ऐन फेब्रुवारीत, तयारीनिशी आणि वैद्यकीय पथकं ठेवून झाली. एका माणसाला चालायला स्वच्छ, नितळ, टणक बर्फाचा किमान १० सेंटीमीटर थर लागतो. पांढऱ्या, बर्फ पडून साचलेल्या थराची ताकद त्याच्या निम्मीच धरतात, म्हणजे जाडी दुप्पट हवी. पँगाँगचं पाणी मचूळ, आणि खारं पाणी मिसळलेला बर्फ आणखी कच्चा. उन्हाने पोखरलेला थर जाड असूनही ढासळतो. शिवाय एवढ्या मोठ्या तलावावर वारा बर्फाला ढकलतो, भेगा उघडतो. काल जिथे रस्ता होता तिथे आज उघडं पाणी असू शकतं. दहा पावलांवरची जाडी इथून कळत नाही.

पडलातच तर ज्या बाजूने आलात तिकडेच वळा, तिथल्या बर्फाने तुमचं वजन पेलून दाखवलेलं असतं. आधी श्वास. मग हात बर्फावर, पाय मागे आडवे करून जोरात मारा, वर आल्यावर उभे राहू नका, लोळत किनाऱ्याकडे या. दादा हात टाकत राहिला, म्हणूनच दोर येईपर्यंत तरला. पाय मारायचं त्याला सुचलंच नाही.

जानेवारीत स्थानिक माणूस सोबत असेल, त्याने जाडी तपासली असेल, तर माझी ना नाही. झंस्कारच्या चादरीवर, म्हणजे गोठलेल्या नदीवर, चालणारेही काठीने ठोकून पुढचं पाऊल टाकतात. मार्चअखेर मात्र किनाऱ्यावरूनच बघा. आणि लेहहून निघताना ड्रायव्हरला विचारा, गाडीत दोर आहे ना. मी भाच्यालाही तेच सांगितलंय, दादाच्या समोर.