आधी खोली बघ, मग स्पीकर

अरे, घरी गाणी ऐकायला सिस्टीम घेतोयस ना, मग अ‍ॅम्प्लिफायर (स्पीकरला ताकद देणारा डबा) कुठला घेऊ हे नंतर विचार. निम्म्याहून जास्त पैसे स्पीकरवर घाल, आणि त्याआधी खोली नीट बघ. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये दहा फुटांचं अंतर असेल, तर साधारण 56 हर्ट्झचा, म्हणजे अगदी खालचा, जाड स्वर घुमतो. तबल्याचा डग्गा मग डग्गा न राहता नुसता ढुमढुमतो. माझे पहिले स्पीकर मी भिंतीला चिकटवून, शोकेसमध्ये कोंबले होते. वर्षभर त्यांनाच शिव्या घातल्या. एका रविवारी स्टुलांवर ठेवून दीड-दोन फूट पुढे ओढले, तर तानपुरा गायकाच्या मागे जाऊन बसला! (बायको अजून त्या स्टुलांवरून बोलते.)

दोन स्पीकर आणि तुझी खुर्ची यांचा समभुज त्रिकोण कर, स्पीकरच्या डब्यातला बारीक, उंच स्वरांचा छोटा स्पीकर कानाच्या पातळीला आण. फरशी उघडी असेल तर सतरंजी टाक, जाड पडदे लाव.

वॅटच्या आकड्यांना भुलू नकोस. 50 चे 100 वॅट केलेस तरी आवाज जेमतेम 3 डेसिबलने, म्हणजे कानाला थोडासाच, वाढतो. महागड्या केबलींचं तर नावच काढू नकोस. दुकानात जाताना पाठ असलेलं रेकॉर्डिंग घेऊन जा, दुकानदाराचं ऐकू नकोस.