पोटाचं दुखणं, मनाचं दुखणं आणि कापूस निघाल्यावरचं लग्न

'ताई, मी वीस वर्षांची आहो, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. गाव पांढरकवडा तालुक्यात. पाळी आली की दोन दिवस उठवत नाई, ओकाऱ्या होतात, पाय गळून जातात. नववीपासून असंच आहे. अन् पाळीच्या आधी चार-पाच दिवस मी कोणाचंच ऐकत नाई, आईवर ओरडते, मंग रडत बसते. मागच्या खेपेला भरलेलं ताट लोटून देलं. आई म्हणते, लग्न झालं की सारं थांबते, कापूस निघाला की उरकून टाकू. मैत्रिणीनं मोबाइलवर दाखवलं, पाळीच्या दुखण्यानं मेंदू बदलते म्हणून. मी येडी होऊन राहिली का? कधी कधी वाटते, मेलेलं बरं. पण डोक्याच्या डॉक्टरकडं गेली तर सोयरीक कोण करीन? काकू म्हणते, गोळ्या खाल्ल्या तर पुढं लेकरू होत नाई. काय करू?'

बेटा,

बाकी सगळं बाजूला ठेवून आधी 'मेलेलं बरं' याबद्दल बोलते. तू हे ओझरतं लिहिलंस आणि पुढच्या ओळीत सोयरिकीवर गेलीस. मी मात्र तिथंच थांबले. असा विचार मनात आला की घरात एकाला तरी सांगायचा. आईला सांगवत नसेल तर त्या मैत्रिणीला सांग, गावातल्या आशाताईला सांग. 14416 हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेव. ही मनाच्या त्रासासाठीची सरकारची टेलिमानस सेवा, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. रात्री-बेरात्री कधीही लावता येतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुमच्याकडे कपाशी आहे, म्हणजे घरात फवारणीचं औषध असणारच. ते कुलपात ठेवून किल्ली स्वतःजवळ ठेवायला बाबांना सांग. कारण विचारलं तर मी सांगितलं म्हणून सांग. हा विचार पाळीच्या आसपासच येतो म्हणून त्याला हलकं समजू नकोस. तो डोक्यातून हटतच नसेल, तर पाळी संपायची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात जा, एकटी जाऊ नकोस.

आता तुझा प्रश्न. नाही, तू येडी होऊन राहिलेली नाहीस.

पाळीत गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटतं आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बाहेर पडतात. त्यांच्यामुळे गर्भाशय ओलं लुगडं पिळावं तसं आवळतं आणि तेवढ्या वेळापुरता त्याचा रक्तपुरवठा कमी होतो. कळ येते ती त्यामुळे. ज्यांच्या अंगात ही द्रव्यं जास्त तयार होतात त्यांना सहसा दुखतंही जास्त. आतड्यांवरही त्यांचा परिणाम होतो, म्हणून ओकारी, जुलाब, अंगातली शक्ती गेल्यासारखं होणं. तुझं दुखणं खरं आहे, बेटा. नववीपासून तू ते दर महिन्याला सोसते आहेस आणि तरी शेवटच्या वर्षापर्यंत पोचली आहेस.

मैत्रिणीनं दाखवलं त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. तैवानमधल्या संशोधकांनी 2010 मध्ये पाळीत खूप दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या तरुणींच्या मेंदूचे एमआरआय ताडून पाहिले. दुखणाऱ्या मुलींमध्ये, दुखत नसलेल्या दिवसांतही, मेंदूच्या काही भागांतलं ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूच्या पेशींचा करडा भाग, थोडं कमी आणि काही भागांतलं थोडं जास्त होतं. हे भाग वेदना ओळखण्याचे, वेदना आवरण्याचे आणि भावना सांभाळण्याचेही आहेत. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या संशोधकांना दिसलं की अशा बायकांना पाळी नसतानाही वेदना जास्त जाणवते. म्हणजे दर महिन्याचं दुखणं पोटापुरतं राहत नाही, त्याची नोंद वरही होते.

हे फरक मुलींच्या एका गटाची दुसऱ्या गटाशी सरासरी लावून सापडलेले आहेत. एकीचा एमआरआय पाहून 'हिला पाळीत दुखतं' किंवा 'ही येडी होणार' असं कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. मेंदू नासला असाही त्याचा अर्थ नाही. सतत येणाऱ्या दुखण्याशी जुळवून घेताना मेंदू बदलतो आणि तो परत फिरूही शकतो. कंबरेच्या, खुब्याच्या जुनाट दुखण्यावर उपचार होऊन दुखणं थांबलं, तेव्हा मेंदूतले असे बदल बऱ्याच अंशी मागे फिरलेले संशोधकांनी पाहिले आहेत. म्हणूनच मला ही माहिती घाबरण्यासारखी वाटत नाही. 'सोस, बाईच्या जातीला असतंच' असं म्हणत वर्षं घालवू नयेत, याचा तो पुरावा वाटतो.

वेदना आणि मनःस्थिती सांभाळणारे मेंदूतले भाग इतके गुंतलेले आहेत की एकाचा भार दुसऱ्यावर येतोच. दुखण्यानं झोप मोडते. पुढची पाळी जवळ आली की धास्ती सुरू होते. मन खचलं की तीच कळ जास्त लागते. मात्र तुझी चिडचिड पाळीच्या आधीच चार-पाच दिवस येते, म्हणजे एकट्या दुखण्यावर ती टाकता येणार नाही. महिनाभर वरखाली होणाऱ्या संप्रेरकांना, म्हणजे हार्मोन्सना, काही जणींचा मेंदू फार तीव्र प्रतिसाद देतो, त्याचाही हा भाग असू शकतो. हे ओळखायला महागडी तपासणी लागत नाही. वहीच्या मागच्या पानावर रोज रात्री दोन ओळी लिही: किती दुखलं, झोप कशी झाली, रडू किंवा राग आला का, तो वाईट विचार आला का. दोन पाळ्यांचं असं टिपण डॉक्टरला फार उपयोगी पडतं. मन पाळीआधी बिघडून पाळी सुरू झाल्यावर दोन-चार दिवसांत सावरत असेल, तर ते पाळीशी जोडलेलं आहे. महिनाभर उदासच वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. उपचार दोन्हींवर आहेत. टिपण पूर्ण होईस्तोवर दवाखाना मात्र लांबवू नकोस.

त्या ताटाचं तुझ्या मनाला लागून राहिलंय, ते कळतं मला. एखाद्या चांगल्या दिवशी आईजवळ बस आणि सांग, 'त्या दिवशी माझं चुकलं, पण मला तेव्हा आवरत नव्हतं.' दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्ही सांग.

गोळ्यांबद्दल काकूंचा समज चुकीचा आहे. डॉक्टर देतात त्या मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात. पाळीत दोन-तीन दिवस घेतल्यानं बाई वांझ होत नाही. आपल्याकडे चूक वेगळीच होते. असह्य होईस्तोवर थांबायचं, मग उपाशीपोटी एक गोळी गिळायची आणि म्हणायचं, गुण येत नाही. दुखणं सुरू होताच, काही खाऊन, डॉक्टरनं सांगितलेल्या वेळांनी घेतली तर ती काम करते. पोटात अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी सांगायचं. आपल्या उन्हात पाणी न पिता शेतात राबताना या गोळ्या घेऊ नयेत, मूत्रपिंडावर ताण येतो. गोळी सुरू केल्यावर ताप आला, अंगावर पुरळ उठलं तर बंद करून लगेच दवाखाना. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी ठेव, तिचाही चांगला उपयोग होतो.

दुखणं दरवर्षी वाढत असेल, पाळी नसतानाही ओटीपोटात दुखत असेल, शौचाला किंवा लघवीला त्या दिवसांत कळ येत असेल, रक्तस्राव फार असेल, तर डॉक्टरला आवर्जून सांग. एंडोमेट्रिओसिस नावाच्या आजारात असं होतं, त्यात गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पाळीच्या वयातल्या साधारण 10 टक्के बायका-मुलींना तो असतो आणि तो सापडायला अनेकींना वर्षानुवर्षं लागतात. रक्तही तपासून घे. पाय गळणं, दम लागणं, चिडचिड यात रक्त कमी असण्याचाही वाटा असू शकतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं होतं.

आता दोन शब्द तुझ्या आईसाठी, त्यांना वाचून दाखव. ताई, तुम्हीही असंच सोसलं असेल, आणि कोणी विचारलं नसेल. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 बायकांचा अभ्यास केला, तो 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी करून घेतली होती फक्त 8 टक्क्यांनी. लेकरू झाल्यावर काहींचं दुखणं कमी होतं, तुमचा समज त्यातूनच आला असेल. पण लग्न हा या दुखण्यावरचा इलाज नाही. मनाचा त्रास तसाच ठेवून पोरगी नव्या घरी गेली, तर तिथं तिला 'नाटकी' म्हणायला अजून चार माणसं असतील. आधी तिची परीक्षा होऊ द्या, उपचार होऊ द्या. वेचणीला किलोवर मजुरी मिळते, एक माणूस कमी पडलं तर घाटा होतो, हे मला माहीत आहे. तरी ते दोन दिवस तिला शेतात नेऊ नका.

आणि सोयरिकीची भीती. तू कोणत्या उपचारासाठी आलीस हे डॉक्टरांनी तुझ्या परवानगीशिवाय बाहेर सांगायचं नसतं, हा हक्क तुला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिला आहे. शिवाय तुला लगेच डोक्याच्या डॉक्टरकडेच जायला हवं असंही नाही. उपजिल्हा रुग्णालयात आधी बायकांच्या डॉक्टरला भेट, गरज वाटली तर त्या पुढं पाठवतील. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग आणि मनोविकार असे दोन्ही विभाग आहेत. आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर, तपासणी, उपचार मोफत आहेत. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे.

तू अविवाहित आहेस, तेव्हा आतून तपासतील म्हणून घाबरू नकोस. सोनोग्राफी पोटावरून होते, त्यासाठी भरपूर पाणी पिऊन जायचं. आई नाही आली तर आशाताईला सोबत चल म्हण. 'पाळीत पोट दुखतं' एवढंच सांगून गोळी घेऊन परत येऊ नकोस. असं सांग: 'नववीपासून दुखतं, दोन दिवस उठता येत नाही, ओकाऱ्या होतात, आधीचे चार-पाच दिवस मन ताब्यात राहत नाही, कधी मरावंसं वाटतं.' बोलायला जमलं नाही तर वही पुढं कर. पुढची पाळी यायच्या आधीच जा.