अडीच तिकिटांची सुट्टी

"मॅडम, सुट्टीत मुलांना कुठेच नेलं नाही, तर त्यांच्या मनावर परिणाम होतो का हो?" एप्रिल उजाडला की सोलापुरातील माझ्या समुपदेशन कक्षात हा प्रश्न दर आठवड्याला येतो. विचारणाऱ्या आईवडिलांच्या मनात बहुधा त्यामागे दुसराच प्रश्न असतो, तो म्हणजे हातात पैसे नाहीत हे मुलांना सांगायचे कसे. अशाच एका कुटुंबाचा हा अनुभव आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्या ताई शालेय गणवेशांची शिलाई घरी आणून करीत आणि त्यांचे यजमान टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहीत. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. आदल्या वर्षी शेजारी महाबळेश्वरला गेले म्हणून यांनीही भिशी आधीच उचलून, गाडी ठरवून तीन दिवसांची सहल केली आणि तिचे हप्ते दिवाळीपर्यंत फेडले. "थंड हवा तीन दिवस खाल्ली, पण घर वर्षभर तापलेलं होतं," असे ताई म्हणाल्या. या वर्षी यजमानांनी "परवडत नाही" एवढे दोनच शब्द उच्चारून विषय मिटवला होता. मात्र मुलांचे चेहरे पडले की संध्याकाळी त्यांनाच राहवत नसे आणि मग कधी आइस्क्रीम, कधी मॉलमधले खेळ, असे करत तीन आठवड्यांत ४,००० रुपये गेले. "कुठे गेला होतात?" असे मी मुलांना विचारले, तेव्हा दोघेही "कुठेच नाही" म्हणाली.

पहिल्या भेटीत मी झालेला खर्च लिहून आणायला सांगितले, आणि ती माझी चूक झाली. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या घराचा हिशेब मागणे म्हणजे त्याला जाब विचारण्यासारखे वाटले. पुढच्या भेटीला ते आलेच नाहीत. ताईंनीच शिलाईच्या पावतीमागे जमेल तसे आकडे मांडून आणले, आणि त्या कागदाने मलाही काही शिकवले. एका रविवारच्या ७६० रुपयांपैकी प्रवेशशुल्क होते केवळ ६०. गणवेशांचा हंगाम नेमका याच दिवसांत असल्याने ताईंचे काम आवरून घराबाहेर पडायला त्यांना अकरा वाजत. पारा चाळिशीपार गेलेला असल्यामुळे चालण्याऐवजी रिक्षा, घरच्या पाण्याऐवजी थंड बाटल्या, आणि सावलीसाठी एखाद्या वातानुकूलित ठिकाणी बसायचे तर तिथे काही मागवणे आलेच. उरलेले ७०० रुपये खरे तर उन्हाने नेले होते.

म्हणून मी दोनच गोष्टी सुचवल्या. बाहेर पडायचे ते पहाटे साडेपाचला, आणि नऊपर्यंत घरी परतायचे, म्हणजे ताईंचे कामही बुडत नाही. दुसरी गोष्ट यजमानांना जड गेली: "परवडत नाही" न म्हणता मुलांना आकडा सांगायचा. "मे महिन्यासाठी १,५०० रुपये आहेत, कसे वापरू या?" असे विचारले की मूल त्या पैशांच्या बाजूने विचार करू लागते; नुसता नकार मिळाला तर ते एकतर हट्ट करते किंवा आपल्यामुळेच घरात अडचण आहे असे मनाशी धरून गप्प बसते. मला या दुसऱ्या प्रकारच्या मुलांची काळजी अधिक वाटते, कारण त्यांना कोणी माझ्याकडे आणत नाही.

मुलीने हिशेबाची वही घातली. सिद्धेश्वर तळ्याकाठी फिरताना, श्री सिद्धरामेश्वरांनी शहराच्या परिसरात ६८ लिंगे स्थापन केल्याची परंपरा वडिलांनी सांगितली, तेव्हा ती सगळी शोधून काढायचे मुलांनीच ठरवले, आणि महिनाभराच्या पहाटा फुकटात भरल्या. भुईकोट किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे असल्याने १५ वर्षांखालील मुलांना तिथे तिकीट पडत नाही. मोठी सहल एकच, नळदुर्गच्या किल्ल्याची: एसटीत महिलांना निम्मे तिकीट आणि ५ ते १२ वयाच्या मुलांनाही निम्मेच, त्यामुळे चौघांचा प्रवास अडीच तिकिटांत झाला. (त्या मार्गावर शेजारच्या राज्यांच्या गाड्याही धावतात, महिलांची ही सवलत त्यांत मिळत नाही.) सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती, म्हणजे उन्हात विटण्याची भीती नाही. किल्ल्यातल्या पाणीमहालावरून कोसळणारे नर-मादी धबधबे मे महिन्यात कोरडे असतात हे मुलांना आधीच सांगा, असे मी बजावले होते, कारण मुलांचा हिरमोड बहुतेक वेळा न सांगितलेल्या गोष्टीने होतो. धाकट्याने कोरडी भिंत पाहून "नळ बंद आहे" एवढाच शेरा मारला.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. वही हाती आल्यावर मुलगी इतकी काटेकोर झाली की भावाला दहा रुपयांची कुल्फीदेखील देईना, आणि तो रडत घरी आला. पैशाची जाणीव देताना आपण तिच्यावर घराचा भार टाकला, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. मग दोघांना आठवड्याला प्रत्येकी ३० रुपये वेगळे दिले, ज्यांचा हिशेब कोणीही मागायचा नाही. मुलगा पहिल्याच दिवशी ते खर्चून मोकळा होई. मुलगी जपून ठेवी. दोघांनाही कोणी बोलायचे नाही, असे ठरले.

जूनमध्ये ताई आल्या त्या उभ्या-उभ्याच, गणवेश पोचवायचे होते. ४३ लिंगे झाली होती, १,५०० पैकी १९० रुपये उरले होते. ते मुलीने वडिलांच्या हाती दिले आणि "पोच" म्हणून वहीत त्यांची सही घेतली. "सही करताना हसले," ताई म्हणाल्या, "आणि खाली तारीखसुद्धा घातली, कारखान्यात घालतात तशी."