ट्रकचालकाचे तास कसे मोजतात?

प्रश्न : ट्रकचालकाने किती तास गाडी चालवली याची नोंद कशी ठेवली जाते? माल भरेपर्यंत थांबावे लागते, तो वेळ विश्रांतीत धरतात का?

उत्तर : पूर्वी युरोपातील ट्रकमध्ये मेणाचा थर दिलेली कागदी चकती असे, घड्याळाबरोबर ती फिरत असताना बारीक सुया तिच्यावर वेग, अंतर आणि वेळ कोरीत. 2006 पासून तेथील नव्या ट्रकमध्ये डिजिटल टॅकोग्राफ (हीच नोंद ठेवणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) आला असून चालक आपले कार्ड त्यात घालतो. चाके फिरू लागताच ‘वाहन चालवणे’ ही नोंद आपोआप होते. गाडी थांबली की यंत्र ‘इतर काम’ धरते, म्हणून विश्रांती घेताना चालकाला बटण दाबून तसे नोंदवावे लागते. हे बटण विसरले तर घेतलेली विश्रांतीही कागदोपत्री काम ठरते. तेथे साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. अमेरिकेत मालवाहू ट्रकच्या चालकाला 11 तास गाडी चालवता येते, परंतु कामाला लागल्यापासून 14 तासांच्या आतच. आणि गोदामाच्या दारात ताटकळल्यामुळे ही 14 तासांची मुदत सहसा थांबत नाही. उशीर गोदामाचा, तास मात्र चालकाचे जातात, हे मला अन्यायाचे वाटते. अशा वेळी पोहोचल्याची आणि सुटल्याची वेळ पावतीवर लिहून घ्यावी.

भारतात 2025 पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 नुसार साधारणपणे दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती.